चुकून दिलेला नकार

कालगुर्लीला डायलिसिसची सहा मशिनं मंजूर झाली. दोनशे अकरा हात वर गेले, विरोधात एकही नाही. सभा चालवणाऱ्या मार्शल डॅरेनने पितळी टोकाची काठी फरशीवर दोनदा आपटली, लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले, आणि या ठरावासाठी तीन वर्षं दारोदार फिरलेल्या डॉक्टर मेधाने पर्समधून रुमाल काढला.

यातलं काहीही घडलेलं नाही. त्या दुपारी गावसभा भरलीच नव्हती, असं दप्तरात नोंदवलेलं आहे. मेधाने रुमाल मात्र काढला होता, आणि तो आता कुठे ठेवावा ते तिला कळेना.

कारण ठराव पक्का करणाऱ्या तिसऱ्या ठोक्याच्या आधी, टाळ्या जरा विरल्या तेव्हा, चौथ्या रांगेतून तिच्या सासूबाई स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "ने."

सोळाव्या शतकात पोलंडचा राजा झिग्मुंट ऑगस्ट निपुत्रिक मेला असता, तर यागेलॉन घराणं तिथेच आटोपलं असतं आणि ऑस्ट्रेलिया कदाचित इंग्रजांनी घेतला असता. पण तिसऱ्या राणीला मुलगा झाला, त्याच्या वंशजांना जहाजांचा नाद लागला, आणि आज पर्थपासून डार्विनपर्यंत प्रत्येक सरकारी भिंतीवर झिग्मुंट नववा मिशीतल्या मिशीत हसत असतो. भाषा इथे इंग्रज खलाशांची रुजली, कायदा पोलिश राजांचा. त्या कायद्याचा सगळा जीव एका पोलिश शब्दात आहे: न्ये. म्हणजे नाही. भरल्या सभेत एका माणसाने, अगदी एकानेच, न्ये म्हटलं की ठराव पडतो. नुसता तोच नाही, त्या दिवशीचे सगळेच पडतात, आणि सभा भरलीच नव्हती असं धरलं जातं. इथे येणाऱ्या मराठी माणसाला हवामान मानवायला दोन वर्षं लागतात. हा कायदा विमानतळावरच मानवतो.

"सॉरी, मेट, कोण बोललं ते?" डॅरेनने विचारलं. काठी हवेतच होती.

सासूबाईंनी, म्हणजे चित्रलेखाबाईंनी, हात वर केला. शाळेत करतात तसा, कोपर सरळ ठेवून.

त्या दिवशी पडलेल्या ठरावांत राजाच्या वाढदिवसाचा बार्बेक्यूही होता. मशिनांबद्दल लोक हळहळले. बार्बेक्यूबद्दल दोघांनी खुर्च्या लाथाडल्या.

गाडीत बसल्यावर मेधाने दार इतक्या जोरात ओढलं की आरशाला लटकवलेला गणपती उलटा फिरला. बाहेर एक्केचाळीस डिग्री होतं. तिच्या नवऱ्याने, गंधारने, एसी लावला आणि त्याच्या आवाजाआड लपायचा प्रयत्न केला. खाणीत तो रोज दुपारी एक वाजता स्फोट घडवून आणायचा. घरातले स्फोट त्याला झेपत नसत.

"अगं, आई मला डबा ने म्हणाली," तो म्हणाला. "साधी गोष्ट आहे. मराठीत म्हणाली."

"दोन ठोके पडल्यावर?"

"आईला पोलिश येतं का?"

"तुझ्या आईला चाळीसपैकी चाळीस मिळालेत, गंधार!"

ते खरं होतं. डिसेंबरात नागरिकत्वाची परीक्षा झाली तेव्हा चित्रलेखाबाईंनी पोलंडचे अख्खे पियास्त राजे पाढ्यांच्या चालीवर पाठ केले होते. मिएश्को, बोलेस्वाव, पुन्हा मिएश्को. भाजी निवडताना काझिमिएझवर येऊन अडायच्या, मग मागून सुरुवात करायच्या. परीक्षकाने कौतुकाने चहा दिला होता.

"राजे पाठ होते म्हणून भाषा येते असं नाही," गंधार म्हणाला. "आई, सांग ना तू हिला."

मागच्या सीटवर चित्रलेखाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर लाल माती होती, त्यानंतर लाल माती होती.

"चुकलं असेल," त्या म्हणाल्या.

"असेल?" मेधा पूर्ण मागे वळली. सीटबेल्टने तिला अडवलं, नाहीतर ती मागेच गेली असती. "आई, मी एकोणीस पेशंटांच्या घरी सह्यांसाठी गेलेय. कुत्री चावलीयत मला. दोनदा. दुसऱ्यांदा तेच कुत्रं."

"मला माहितेय गं. हळद मीच लावली होती."

मेधा पुन्हा समोर वळली. घर येईपर्यंत ती गंधारला गाडी कशी चालवायची ते सांगत राहिली.

चूक दुरुस्त करायची सोय कायद्यात होती. फॉर्म क्रमांक सतरा: अनवधानाने उच्चारलेला नकार. सात दिवसांत भरून दिला की सभा पुन्हा भरलेली धरतात आणि तिसरा ठोका मारतात. मेधाने घरात शिरल्या शिरल्या तो छापला. प्रिंटरने कागद अडकवला, तेव्हा तिने प्रिंटरला अशी शिवी दिली जी तिने पुण्याच्या मेडिकल कॉलेजनंतर वापरली नव्हती.

प्रश्न चार: परकीय भाषेतील शब्द. तिने लिहिलं, ने. प्रश्न पाच: अर्थ. घेऊन जा. प्रश्न सहा: कोणती वस्तू घेऊन जाण्यास सांगितले? वस्तू सोबत जोडावी.

"डबा कुठाय?" तिने विचारलं.

"कुठला?" गंधार म्हणाला.

"जो तुला ने म्हणाल्या तो."

"माझ्याकडे नाही दिला." त्याने टेबलाखाली पाहिलं. "म्हणजे, ने म्हणाली, पण एवढा गोंधळ झाला ना नंतर."

मेधा किल्ली घेऊन बाहेर गेली. डबा गाडीच्या डिकीत होता, सकाळी तिनेच ठेवला होता तिथे, जंपर केबल आणि पाण्याच्या कॅनच्या मधे. मार्शलला पेढे म्हणून द्यायच्या बेसनाच्या वड्या. तिने कडीला हात लावला आणि चटकन मागे घेतला. स्टील तव्यासारखं तापलं होतं. झाकणाला सकाळी गुंडाळलेला रबर वितळून चिकटला होता, तसाच, न सुटलेला.

ती उन्हात उभी राहिली. सभागृहात डबा गेलाच नव्हता. चौथ्या रांगेत सासूबाईंच्या मांडीवर फक्त त्यांचे दोन हात होते. ते तिने पाहिले होते, मंचाकडे जाताना.

मग तिला मागच्या आठवड्यातला नाश्ता आठवला. सासूबाई मटार सोलत होत्या आणि ती त्यांच्या डोक्यावरून गंधारवर ओरडत होती: मशिनं आली नाहीत तर आईंना मार्चच्या आत मिरजेला परत पाठवावं लागेल, किडन्या थांबणार नाहीत कुणासाठी, कळतंय का तुला? ते तिने धमकी म्हणून म्हटलं होतं. मटारच्या भांड्यात तेव्हा टपटप दाणे पडत होते ते एकदम थांबले होते, आणि मग पुन्हा सुरू झाले होते, जरा भरभर.

ती ओढणीच्या टोकात डबा धरून आत आली आणि डायनिंग टेबलावर, सासूबाईंच्या समोर ठेवला. गंधार फ्रिजमध्ये काहीतरी शोधायला गेला. तिथे शोधण्यासारखं काही नव्हतं.

"आई, काय ने?"

चित्रलेखाबाईंनी डब्याकडे पाहिलं. मग मेधाच्या हाताकडे.

"पोळलं का?"

"काय ने, ते सांगा."

फ्रिजचं उघडं दार शिट्टी वाजवू लागलं.

"मिरजेत आमच्या सतारमेकर गल्लीत खालीच दवाखाना आहे," चित्रलेखाबाई म्हणाल्या. "आठ मशिनं आहेत. रिक्षासुद्धा लागत नाही."

"तिथे कोण आहे तुमचं? जिना कोण चढवणार? आठवड्यातून तीनदा?"

"कोणी नाही." त्यांनी डब्याच्या रबरावर नख घासलं. "समोरचा मुजावर सतारीला तारा चढवतो दिवसभर. एकच तार, पंचवीस वेळा पिळतो. इतका वैताग यायचा मला. पोलिसात जाणार होते एकदा."

मेधाचा राग इतका वर आला होता की त्याला खाली यायची वाट सापडत नव्हती.

"आणि माझ्या पेशंटांचं काय? एकोणीस माणसं आहेत, आई! तुम्हाला घरी जायचंय म्हणून एकोणीस माणसांनी मरायचं? डॉली आँटी दोन वर्षं पर्थच्या होस्टेलात पडलीय. सहाशे किलोमीटर लांब. मशीन आहे तिथे, सगळं आहे, जेवण गरम मिळतं, टीव्ही आहे, सगळे चांगले वागतात, आणि ती रोज फोन करून मला एकच विचारते, की मला माझ्या मातीत कधी..."

वाक्य अर्धंच सोडून तिने सासूबाईंकडे पाहिलं.

गंधारने फ्रिज बंद केला.

"तिचं घर इथे आहे का?" चित्रलेखाबाईंनी विचारलं.

"लेव्हर्टनला. इथून साडेतीन तास. नातवंडं आहेत तिला तिथे."

चित्रलेखाबाई मान हलवत राहिल्या, काझिमिएझवर अडायच्या तशा. मग त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला, चष्मा लावला आणि सहीची जागा शोधली.

"पेन दे," त्या म्हणाल्या. "मराठीत म्हटलं, असं लिही. डबा ने म्हटलं. म्हाताऱ्या बाईचं काय, काहीही बोलते."

"आई."

"लिही गं. त्यांचा बार्बेक्यूसुद्धा पडलाय माझ्यामुळे. उद्या भाजी घ्यायला जायचंय मला त्याच लोकांत."

सही त्यांनी मोडीसारखी वळणदार केली आणि पेन बंद करून ठेवलं. गंधारने झाकण उचकटलं. वड्यांचं पिठलं झालं होतं. त्याने बोट बुडवून चाखलं आणि चांगलं झालंय म्हणाला, आणि कोणी ऐकलं नाही तरी पुन्हा एकदा म्हणाला.

प्रश्न सहापुढे मेधाने लिहिलं: डबा, स्टीलचा, एक. सोबत जोडला आहे. तिने स्टेपलर हातात घेतला, डब्याकडे पाहिलं आणि परत ठेवला.

फॉर्मच्या तळाशी एक चौकोन उरला होता. अन्य विनंती, असल्यास. तो सगळे जण रिकामा ठेवतात. मेधाने पोळलेलं बोट जरा वेळ तोंडात धरलं, मग कागद सरळ केला आणि सरकारी अक्षरात, एकही शब्द न खोडता लिहिलं:

उपरोक्त सहा मशिनं कालगुर्ली येथे विनाविलंब बसवण्यात यावीत. सबब, झिग्मुंट नववे महाराज यांस नम्र विनंती की, सदर कालगुर्ली शहर, रुग्णालय व खाणीसह, मार्चअखेरपर्यंत मिरजेच्या सतारमेकर गल्लीलगत हलवण्यात यावे. अंतर असे असावे की रिक्षासुद्धा लागू नये.