थोरल्याचा पुनर्जन्म

आमच्या परसात इतकी माणसं मी कधी पाहिली नव्हती. कुणी कुंपणावर चढलं होतं, कुणी तळ्याच्या कडेला मी रचलेल्या दगडांवर उभं होतं, आणि मागचे पुढच्यांना विचारत होते, हललं का, खरंच हललं का. हललं होतं. सकाळी मेलेलं आमचं कासव महाराजांच्या तळहातावरून मान बाहेर काढून सगळ्यांकडे बघत होतं.

थोरला आणि धाकटा ही आमची दोन कासवं. काचेच्या पेटीत मावेनाशी झाली, म्हणून बायकोनं आणि मी सुट्टीत खपून परसात त्यांच्यासाठी तळं खणलं. गुडघाभर खाली गेलो आणि कुदळ खडकावर आपटली, तिथंच थांबलो. जाड प्लास्टिक अंथरलं, कासवांना वर यायला उतार केला, पाणी सोडलं. मग थंडीची लाट आली आणि त्या सकाळी थोरला तळाशी ताठ पडलेला सापडला. पाय ओढला तरी हलेना. बायको रडायला लागली. मी त्याला पुरायला खड्डा खणत होतो, तेवढ्यात शेजारच्या शिवणकामवाल्या ताई त्यांच्याकडे उतरलेल्या महाराजांना घेऊन आल्या.

महाराज आमच्या बैठकीत गादीवर बसले. थोरल्याला शालीखाली घेतलं, डोळे मिटले आणि बराच वेळ पुटपुटत राहिले. मग शालीतून एक पाय बाहेर आला. ते उठून परसात येईपर्यंत गल्ली लोटली होती.

"प्राण म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. "प्र आणि आण. आणता येतो तो प्राण. मी फक्त आणून दिला."

लोकांनी माना डोलावल्या. व्याकरणाचा खून इतक्या भक्तिभावानं बघणारी गर्दी मला नवीन होती.

एवढंच असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण ताईंनी आपल्या लेकीला पुढं केलं. पोरीला लहानपणापासून मधुमेह, रोज इन्सुलिन घ्यावं लागतं. महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सुई टोचते ना, म्हणाले. मित्र कधी टोचतो का? मग टोचते ती वैरीणच. सुई बंद करा, पोरीचा प्राण मी आणतो.

ताईंनी त्याच दुपारी सुई बंद केली.

माझं कशात लक्ष लागेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, कासवाला माणसासारखी स्वतःची ऊब राखता येत नाही. पाणी गारठलं की तेही गारठतं, अगदी मेल्यासारखं दिसतं. त्यात तळं उथळ असलं की पाणी लवकर गारठतं. ऊब मिळाली की ते जागं होतं. मी धावत जाऊन हे ताईंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं आणि शांतपणे विचारलं, "मग भाऊ, तुम्ही खड्डा का खणत होतात?"

मागं त्यांची लेक तांब्यामागून तांब्या पाणी पीत होती. घरी आलो, बसलो, उठलो, पुन्हा कुंपणापाशी जाऊन त्यांच्या खिडकीकडे बघत राहिलो. बायको म्हणाली, तुम्ही महाराजांवर उगाच डूख धरलाय. तिचा थोरला परत आला होता. तिला आणखी काय हवं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटाही ताठ पडला. बायकोनं त्याला उचललं. आता ही महाराजांकडे पळणार, असं मला वाटलं. पण ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथंच उभी राहिली.

"काल त्यांनी गरम पाण्याची पिशवी मागितली होती," ती हळूच म्हणाली. "कंबर धरलीय म्हणाले. मीच भरून दिली. पण उठले तेव्हा पिशवी कमरेशी नव्हती हो. मांडीवर होती."

तिनं पाणी तापत ठेवलं.

ताईंच्या घरात मशीन भिंतीला सरकवून माणसं दाटीवाटीनं बसली होती. पोर खाटेवर पडून होती, डोळे खोल गेलेले. बायको धाकट्याला शालीखाली घेऊन सगळ्यांसमोर बसली. मंत्र नाही, पुटपुटणं नाही. तिनं ताईंकडे शिवायला टाकलेल्या कपड्याच्या बाह्यांची चौकशी चालवली. लोक चुळबुळले, कुणी शुक शुक केलं. बऱ्याच वेळानं तिनं धाकट्याला बाहेर काढलं. तो चारही पायांनी हवेत पोहत होता.

सगळे वाकून बघायला लागले. महाराज मात्र गडी पक्का.

"पाहिलंत?" ते म्हणाले. "माझ्या नुसत्या सहवासानं या माउलीतही शक्ती उतरली."

आणि लोक खरोखरच माझ्या बायकोपुढं हात जोडायला लागले. तिनं शालीखालून रबरी पिशवी काढली आणि ताईंच्या मांडीवर ठेवली.

"हात लावा ताई. ही शक्ती मी आत्ता चुलीवर तापवून आणलीय."

ताईंनी हात लावला. तो तसाच ठेवून त्यांनी महाराजांना विचारलं, काल तुमच्याकडंही हीच होती का? महाराज सूक्ष्म ऊब आणि स्थूल ऊब यांतला फरक सांगू लागले. तो ऐकायला ताई थांबल्या नाहीत. त्यांनी लेकीला उचललं, मी गाडी काढली.

दवाखान्यात डॉक्टर आम्हाला खूप बोलले. आणखी उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, म्हणाले. ताई खाली मान घालून ऐकत होत्या. तिसऱ्या दिवशी पोरीनं स्वतःहून खायला मागितलं, तेव्हा त्या पहिल्यांदा रडल्या.

महाराज पोरीला दवाखान्यात नेलं त्याच दिवशी कुठंतरी निघून गेले. खडक फोडून मी तळं कमरेइतकं खोल केलंय. गल्लीत अजून काहीजण म्हणतात, पिशवीचं ठीक आहे हो, पण त्या माणसात काहीतरी होतं. त्यांना मी एवढंच सांगतो. डोळ्यांनी पाहिलं हे पुरेसं नसतं, मीही डोळ्यांनी पाहूनच खड्डा खणायला घेतला होता. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी हात लावून बघा. शाल उचला, विचारा, पुन्हा करून दाखवायला सांगा. आणि तोवर लेकराचं औषध बंद करू नका. नमस्कार काय, नंतरही करता येतो.