मोठ्या सरांचा आवाज

न्हाव्याने एक गाल उरकला होता, दुसऱ्या गालावर फेस तसाच होता, तेवढ्यात मोठे सर दारात उभे राहिले आणि न्हाव्याने वस्तरा खाली ठेवला.

"जरा उठता का? सर आलेत."

खुर्चीतला माणूस सरांचा जावई. तो काही बोलायच्या आत सर म्हणाले, "अरे, जावईबापूंना कशाला उठवतोस? त्यांना शाळेत जायचंय. माझं काय, मी रिकामटेकडा." एवढं बोलून ते खुर्चीपाशी येऊन थांबले. जावई उठला. अर्ध्या गालाला फेस लावून बाकावर बसला आणि सासऱ्याची दाढी होईस्तोवर समोरच्या आरशात स्वतःचं सोंग बघत राहिला.

"सरांनी मला भूमिती शिकवली," न्हावी त्याला म्हणाला, जणू त्याने काही विचारलंच होतं. "मी ढ तो ढच राहिलो, पण सरांनी कधी हात उगारला नाही. पाय मोडला तेव्हा पाठुंगळी घेऊन दवाखान्यात नेलं होतं मला."

जावयाने मान हलवली. गावात ज्याला त्याला सरांनी कुठे ना कुठे पाठुंगळी नेलं होतं. ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. माणूस खरंच सोन्यासारखा होता. सकाळी भूमिती, संध्याकाळी मैदान, रविवारी ज्याचं गणित कच्चं त्याच्या घरी. साऱ्या जन्मात त्यांनी दुसरं काही केलं नाही. अशा माणसाचा राग करणारा स्वतःच वाईट ठरतो. जावई वर्षभर तसाच वाईट ठरत आला होता.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागेवर जावयाची नेमणूक झाली. पहिलं वर्ष चाचणीचं होतं, जमलं तरच नोकरी पक्की. सासूबाई गेल्यापासून सर एकटे, म्हणून लेक नवऱ्याला घेऊन माहेरीच राहायला आली. लोकांना आयतंच कोलीत मिळालं. बायको मिळाली, घर मिळालं, वर नोकरीही मिळाली, असं म्हणायचे. मुलं तोंडावर 'जावईसर' म्हणत. पाठीमागे काय म्हणत ते त्याला ठाऊक होतं.

हेडबाईंनी तर स्पष्टच सांगितलं होतं. "रिलेची ढाल आपल्या शाळेतून कधी गेली नाही. यंदा गेली, तर मला सरांनाच मानधनावर परत बोलवावं लागेल. मग तुम्ही तुमचं बघा."

रिलेत सारा खेळ बॅटन बदलताना असतो. मागचा पळत येतो, पुढच्याने नेमक्या वेळी सुटायचं असतं. लवकर सुटला तर हद्दीबाहेर जाऊन बाद, उशिरा सुटला तर दोघांची टक्कर. दुसरे मास्तर जमिनीवर खूण करतात, मागचा खुणेवर आला की पुढच्याने सुटायचं. सरांची रीत वेगळी होती. मागे बघायचं नाही, खूणबिण काही नाही. सर ओरडणार, "नीघ," आणि त्या आवाजावर सुटायचं. हजार माणसांच्या गलक्यातून मुलं तो आवाज बरोबर ओळखत.

आता सर मैदानाच्या कडेला, बुटक्या भिंतीवर पेपर घेऊन बसत. मैदानात पाऊल टाकत नसत. जावई शिट्टी वाजवायचा, चुन्याने खुणा आखायचा, घसा फोडून सांगायचा. मुलं "हो सर" म्हणत आणि पळताना भिंतीकडे कान लावत. पेपरामागून "नीघ" आलं की सुटत. बॅटन हातात कशी अलगद पडायची.

जावयाने एकदा शेवटच्या टप्प्याच्या मुलीला धरलं. लांब पायांमुळे तिला सगळे टोळ म्हणत.

"तू खुणेवर सुटलीस की आवाजावर?"

टोळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली. "खूण बघायला मागे बघावं लागतं ना सर. मोठे सर म्हणतात, मागे बघणारा पळत नसतो."

त्या दिवशी जेवताना त्याने विषय काढलाच. "सर, उद्यापासून भिंतीवर बसू नका."

"भिंत तुमच्या तीर्थरूपांनी बांधली का?"

"मुलं माझं ऐकत नाहीत."

"मग ऐकवा की. माझ्या तोंडाला काय फडकं बांधताय?"

"उद्या तुम्ही नसलात तर ती पळणार कशी?"

"मी मरायचीच वाट बघताय, एवढंच बोला ना सरळ."

बायकोने आमटीचं पातेलं दोघांच्या मध्ये आदळलं. "जेवायचं तर जेवा. नाहीतर दोघं मैदानात जाऊन झोंबा, मी शिट्टी वाजवते."

स्पर्धा मोठ्या क्रीडांगणावर होती. सगळ्या शाळांची मुलं, ढोल, पत्र्याचे डबे, नुसता कल्लोळ. गुरुजनांनी मैदानात उतरायचं नाही, कठड्याच्या अलीकडे प्रेक्षकांतच राहायचं, असा नियम होता. सर लेकीला घेऊन मधल्या पायरीवर बसले. आजूबाजूच्या आईबापांनी उठून त्यांना जागा दिली. जावई खाली कठड्याला टेकून उभा होता. त्याने मुलांना शेवटचं बजावलं, "खुणेवर सुटा." मुलं म्हणाली, "हो सर."

पहिली बदली झाली, दुसरी झाली. आवाज दोन्ही वेळा वेळेवर आला, निदान जावयाला तसं वाटलं. तिसऱ्या बदलीला शेजारच्या पट्ट्यातला दुसऱ्या शाळेचा मुलगा आधी आला. आपला मुलगा अजून चांगलाच मागे होता. तेवढ्यात वरून खणखणीत आवाज आला, "नीघ."

टोळ बाणासारखी सुटली. हात मागे केलेला, मान सरळ. हद्द संपली तरी हातात काही पडेना. मागचा मुलगा रडत पळत होता. पंचाने लाल निशाण वर केलं.

परतताना बसमध्ये जावयाच्या शेजारी कोणी बसलं नाही. कोणा पालकाचं बोलणं मागून आलं, "सरांच्या हातात असती तर पोरं बाद झाली असती का?" सर पुढच्या बाकावर खिडकीकडे तोंड करून बसले होते. त्यांनी ते ऐकलं.

घरी आल्यावर जावयाने बायकोला परसात गाठलं. "ते लवकर ओरडले."

ती दोरीवरचे कपडे काढत राहिली.

"तू त्यांच्या टीममध्ये पळलीयेस. तुला कळलं असणार."

"कळलं," ती म्हणाली. "माझा पाय आपोआप उचलला गेला, आणि तेव्हाच वाटलं, हे चुकलं." तिने चिमटे ओच्यात टाकले. "त्यांना लांबचं दिसत नाही. दुसऱ्याच पोराला आपला समजले. शाळेच्या मैदानावर ते पावलांच्या आवाजावर सांगतात. भिंतीजवळ पावलं ऐकू येतात. तिथे त्या गोंगाटात काय ऐकू येणार?"

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"ते पेपर धरून बसतात. पान कधी उलटलेलं पाहिलंय तुम्ही?"

"आणि मला सांगितलं नाहीस."

"डॉक्टर म्हणाले, आता उपाय नाही. हे लोकांना कळलं तर गाव त्यांची कीव करेल. ते त्यांना सोसायचं नाही." ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "तुम्ही दुसरीकडे नोकरी शोधा. मी येते तुमच्याबरोबर, जिथे म्हणाल तिथे. पण हे बाहेर काढू नका."

तो तिच्या हातातले कपडे घेऊन घरात गेला. तिला वाटलं, ऐकलं.

दुसऱ्या दिवशी हेडबाईंनी सासरे-जावई दोघांना बोलावलं. त्यांची खोली वरच्या मजल्यावर होती. समोर गॅलरी, खाली अख्खं मैदान. लेक बापाचा हात धरून जिन्याने वर आली आणि दाराशी थांबली.

"सर, मुलांसाठी तुम्हाला परत यावं लागेल," हेडबाई म्हणाल्या.

"मुलांची तयारी कमी पडली," सर म्हणाले. "त्यांचा दोष नाही. शिकवणाऱ्याच्या अंगात मुळात वेग लागतो. तो सगळ्यांनाच देवाने दिलेला नसतो."

हे ते जावयाकडे न बघता बोलले. तेवढं वाक्य त्यांनी गिळलं असतं तर जावई कदाचित खाली मान घालून निघूनही गेला असता.

"बाई, एक विनंती आहे," जावई म्हणाला. "मुलं खाली आहेत. जाण्यापूर्वी सरांची पद्धत मला एकदा नीट बघू द्या. सर इथून आवाज देतील."

"अहो," दारातून बायको म्हणाली.

"चांगली कल्पना आहे," हेडबाई म्हणाल्या. "शिकून घ्या."

सर गॅलरीत गेले, जावई त्यांच्या बाजूला उभा राहिला, हेडबाई गॅलरीच्या दारातून बघू लागल्या. कठडा दोन्ही हातांनी धरला, छाती पुढे काढली. जावयाने वरूनच हाताने खूण केली तशी खाली टोळ आपल्या जागी जाऊन पाठ करून उभी राहिली. मागच्या टोकाला मुलगा बॅटन घेऊन वाकला. जावयाने हात खाली केला.

मुलगा अनवाणी पळत आला. मऊ मातीत त्याची पावलं वर ऐकू येत नव्हती. तो हद्दीत आला. टोळ हललीच नाही, तिचे कान गॅलरीकडे होते. मुलगा तिच्यावर आदळता आदळता थांबला. बॅटन तिच्या हातात दिली. दोघं तिथेच उभी राहून वर बघू लागली.

सर मैदानाकडे टक लावून होते.

"पळवा की आता त्यांना," ते म्हणाले. "कशाची वाट बघताय?"

हेडबाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुसला, परत लावला. कोणीच काही बोललं नाही. त्या गप्प राहण्यातच सरांना समजलं. त्यांनी कठडा सोडला नाही, फक्त मान जरा तिरकी करून कान खोलीकडे केला.

"पळाली का?" त्यांनी विचारलं.

"पळाली, सर," जावई म्हणाला.

लेकीने येऊन बापाचा हात कठड्यावरून सोडवला. नवऱ्याच्या जवळून जाताना ती थांबली नाही, आवाजही चढवला नाही. "नोकरी राहिली तुमची," ती म्हणाली. "राहायचं कुठे ते आता बघा." मग जिन्यापाशी बापाला म्हणाली, "पायरी आहे, बाबा."

"माहीत आहे," सर म्हणाले. "माझीच शाळा आहे ही."