शिलाईच्या दुकानातला उंदीर

दुकानात उंदीर मेलाय, हे नाकाबाईनंच जाहीर केलं. दुसरं कोण करणार? इस्त्रीवाल्याचं नाक बारा महिने चोंदलेलं, आणि मास्तरला वासाचं कधी काही पडलेलंच नव्हतं. नाकाबाई मात्र शेजारच्या घरात दूध नासलं तरी इथे बसून सांगायची. काज-बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे होती. "ही नाकानं कांदे सोलते," असं इस्त्रीवाला म्हणायचा. "तुझ्यासारखं नाक असतं तर मीही गटाराकाठी सुखानं नांदले असते," असं ती उलटून म्हणायची.

वास साधा नव्हता हो. गोडसर, कुजका, घशात चिकटून बसणारा. तिसऱ्या दिवशी कोटाचं माप द्यायला आलेली बाई उंबऱ्यातूनच मागे फिरली, तेव्हा शोधाशोध सुरू झाली. चिंध्यांची पोती उलटी केली, कपाट भिंतीपासून ओढलं, माळा झाडला. काय काय निघालं! हिरवी बुरशी धरलेलं अर्धं बिस्किट निघालं. केसांचा आणि दोऱ्यांचा मुठीएवढा गोळा निघाला. इस्त्रीवाल्याचा एक रुमाल निघाला, तो तर खापरासारखा कडक झाला होता. शी! नाकाबाईनं तो दोन काड्यांनी उचलून बाहेर टाकला आणि साबणानं तीनदा हात धुतले.

"डोंगर पोखरला, आणि उंदीरसुद्धा नाही निघाला," इस्त्रीवाला म्हणाला.

"हिच्या नाकातच मेला असेल," मास्तर पायमशीन चालवता चालवता हसला. मग त्यानं कपातला चहा भुरकला. तीन चमचे साखर घातलेला.

मास्तर म्हणजे नाकाबाईचे भाऊजी, तिच्या मोठ्या बहिणीचा नवरा. बहीण जाऊन दोन वर्षं झाली होती. भाऊजींना अकरा वर्षांपासून साखर. गोळ्या त्यांनी स्वतःच्या अकलेनं बंद केल्या होत्या.

"अंगातली साखर जिरली सगळी," ते म्हणायचे. "बघ, पँटची कंबर दोन इंच आत घेतली! औषध न घेता!" माणूस वाळत चाललाय आणि शिंप्याला त्यात पँट सैल झाल्याचा आनंद. डोकं फिरतं की नाही?

बहीण असताना हे चाललं नसतं. डॉक्टरीणबाईंनी तिला बजावलं होतं, "चेहरा आरशात बघता ना, तसे यांचे तळपाय रोज बघा. साखरेनं पायाची जाणीव जाते. काही रुतलं तरी कळत नाही, जखम चिघळते आणि पाय गमवावा लागतो." बहीण रोज संध्याकाळी त्यांचे पाय धुऊन, पुसून, बोटांच्या फटीसुद्धा बघायची. जाताना धाकटीला म्हणाली होती, "यांचे पाय तेवढे बघत जा गं. पाय गेला तर मशीन गेली, आणि मशीन गेली तर हे जगायचे नाहीत."

नाकाबाईनं मान डोलावली होती. आणि दोन वर्षांत एकदाही पाय बघितले नव्हते. एक तर बाप्याचे पाय, त्यात चार-चार दिवस न बदललेले मोजे. नुसत्या विचारानं तिला शिसारी यायची. "भाऊजी, पाय ठीक ना?" असं ती लांबूनच विचारायची, "ठणठणीत!" असं ते सांगायचे, आणि ती सुटले एकदाची म्हणून कामाला लागायची. मध्यंतरी ते म्हणालेही होते, की हल्ली कापसावर चालल्यासारखं वाटतं. त्यावर ती म्हणाली, "बरंय की, मजा आहे तुमची."

चौथ्या दिवशी तिच्या हातातलं बटण निसटलं आणि घरंगळत पायमशीनखाली गेलं. ती वाकली. वासाचा असा भपका आला की डोळ्यांतून पाणीच आलं. समोर भाऊजींचा उजवा पाय खालीवर होत होता. मोज्यावर अंगठ्याच्या बाजूला पिवळा-तपकिरी ओला डाग पडला होता, आणि त्यावर माशी बसली होती. पाय हलत होता तरी उठत नव्हती मेली.

"भाऊजी, पाय थांबवा."

"कोट संध्याकाळी द्यायचाय."

"थांबवा म्हणते ना!"

मोजा चिकटला होता. तिनं पाणी ओतून तो हळूहळू सोलला, तरी थोडी कातडी बरोबर आलीच. अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढं भोक, कडा पांढऱ्याफटक, आत काळं आणि हिरवट, आणि दाबायच्या आधीच पू वाहत होता. नाकाबाई धावत बाहेर गेली आणि भडाभडा ओकली. चूळ भरून परत आली तेव्हा भाऊजी मान वाकडी करून बघत होते.

"दुखत नाही?"

"छे! अजिबात नाही," ते म्हणाले, जणू काही शाबासकीच मिळणार होती.

डॉक्टरीणबाईंनी जखम साफ करता करता चिमट्यानं काहीतरी काढलं आणि ताटलीत टाकलं. टिंग करून वाजलं. सुईचं टोक होतं, काळं पडलेलं.

नाकाबाईला ते पाहताक्षणी ओळखू आलं. दुकानाचा नियमच होता, आणि तो भाऊजींनीच घातलेला. सुई तुटली की मशीन बंद. सगळे तुकडे सापडायचे, भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर चिकटवायचे, मगच कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. तीन आठवड्यांपूर्वी जाड कोटाला सुई तुटली, आणि टोक काही मिळालं नाही. दोघांनी कोटाची शिवण न् शिवण चाचपली, त्यावरून चारदा लोहचुंबक फिरवलं. शेवटी भाऊजी म्हणाले होते, "कापडात नाही म्हणजे कुठेच नाही." पुठ्ठ्यावर तेवढी जागा रिकामी राहिली होती. काखेत कळसा म्हणतात, इथे तर पायातच होता, आणि त्याच पायानं माणूस तीन आठवडे मशीन मारत होता.

"दोन बोटं काढावी लागतील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय वाचेल असं वाटतंय. पहिल्याच दिवशी आला असतात तर एका पट्टीत भागलं असतं. रोज पाय बघायला सांगितलं होतं ना मी?"

"बायको बघायची," भाऊजी म्हणाले. "आता कोण बघणार?"

त्यांनी हे कुणाला टोचावं म्हणून म्हटलं नव्हतं. नाकाबाईनं खाली बघितलं. चार दिवस ती उंदराच्या नावानं बोटं मोडत होती. आता तिला स्वतःचीच इतकी घाण वाटली की मघाशी ओकून टाकलं त्यात हेही गेलं असतं तर बरं, असं वाटलं.

दीड महिन्यानं भाऊजी काठी टेकत दुकानात आले. गोळ्यांची डबी खिशात होती. चहा बिनसाखरेचा होता आणि तोंड त्याहून कडू. आल्या आल्या त्यांनी सुईचं टोक पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि मशीनपाशी बसले.

नाकाबाईनं पाण्याचं घमेलं आणि स्वच्छ फडकं आणलं, आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली.

"अगं, तुला किळस येते ना?" ते ओशाळून म्हणाले.

"येते. भयंकर येते. मोजा काढा."

त्यांनी मुकाट्यानं उजवा पाय पुढे केला, पट्टी बांधलेला, तीन बोटांचा.

"त्याची पट्टी डॉक्टरीणबाई बघतात," नाकाबाई म्हणाली. "मला पाच बोटांचा दाखवा."