टपोरे तेवढे निवडा

“हल्ली या प्लेटांना मेला वासच येत नाही,” झाकण नाकाशी धरून काकू पुटपुटल्या. “पूर्वी कशा ओल्या मातीसारख्या घमघमायच्या.”

शेजारच्या पोरीनं मान वर केली नाही. काकू या प्रयोगशाळेत बावीस वर्षं असल्या काचेच्या प्लेटांवर जंतू वाढवत होत्या. पोरगी संशोधनासाठी तीन वर्षं एकाच जंतूच्या मागे होती. मातीतला हा जंतू उपाशी पडला, की त्याचं एक जनुक कळ दाबायचं, मग रांगेतली तीसेक जनुकं कामाला लागायची आणि जंतुनाशक औषध तयार व्हायचं. गेलं वर्षभर मात्र थेंबही नाही. कळ अडकलीय, असं तिचे मार्गदर्शक सर म्हणत. ती शोधायला आणखी दोन वर्षं मागणारा अर्ज टेबलावर होता. पाचच्या आत सही करायची, म्हणजे हातात आलेली नोकरी सोडायची.

सर आत आले. “झाली सही?”

“जनुकांचा अहवाल आलाय. आधी तो बघा ना, सर.”

पडद्यावर औषधाच्या जनुकांची रांगच नव्हती. त्या बाजूचं गुणसूत्राचं टोकच गायब.

“यंत्राची वाचताना चूक झाली असेल.”

“तीनदा वाचून घेतलं, सर.”

“मग नमुन्यांची अदलाबदल? काकू?”

“अदलाबदल करायला मी काय काल आलेय?”

मूळ जंतू जपून ठेवलेली नळी तर फ्रीज बिघडला तेव्हाच वाया गेली होती. दर पंधरवड्याला काकू प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या ठिपक्यांतले काही उचलून नव्या प्लेटवर घेत. “सुरकुतलेले, भुरकट ठिपके नकोत, टपोरे तेवढे निवडा,” असं सरांनीच सांगितलं होतं. ते टपोरे का होत, हे काकूंना महिनाभरापूर्वीच उमगलं होतं. तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नव्हतं.

“त्या रांगेतला एखादा तुकडा उरला असेल गं कुठेतरी,” सर घड्याळाकडे बघत म्हणाले. “शोधायलाच तर दोन वर्षं मागतोय.”

पोरीनं पेनाचं टोपण काढलं. काकूंनी अर्जावर पंजा ठेवला.

“काकू, हात काढा,” पोरगी म्हणाली.

“नाही काढत. औषध करायचं काम ज्यांनी टाकलं, तेच टपोरे फोफावत होते, बाई. सरांनी सांगितलं, मी उचलले. कळबीळ काही अडकलेली नाही. तुझा जंतू आम्हीच निवडून निवडून संपवला.”