चक्रवाकांची शेवटची तारीख

साखरबाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. पंख ओढत पाण्याच्या कडेने चालणारा तो एकटा चक्रवाक आजही तिथेच होता. दुर्बीण खाली घेत त्या म्हणाल्या,

"कुणी न्हाई."

"नीट बघ. बेटाच्या मागं?" पोपटरावांनी विचारलं.

"न्हाई म्हनलं ना. शून्य लिहिते."

नवऱ्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यामुळे बघायचं साखरबाईंनीच आणि लिहायचंही त्यांनीच. राहू गावच्या शाळेतून निवृत्त झालेले पोपटराव गुरुजी चौदा वर्षं भीमेवरच्या पाहुण्या पाखरांची वही ठेवत होते. नावातच पोपट, त्यामुळे गावाला चेष्टेला आयतं निमित्त होतं. पाखरं आल्याची तारीख त्याच दिवशी लिहिता येते. जाण्याचं तसं नसतं. सलग सात दिवस एकही दिसलं नाही, तरच त्याआधीचा दिवस शेवटचा धरायचा, हा गुरुजींचा नियम. तोवर रोज नदी. यापायी त्यांनी ऑपरेशन दोनदा पुढे ढकललं होतं. आता उशीर केलात तर नजरेची खात्री देत नाही, असं डॉक्टर स्पष्ट बोलले होते.

अठ्ठ्याण्णवचा एप्रिल निम्मा सरला होता. थवा केव्हाच उत्तरेला गेला होता. पंख मोडलेला हा एक मात्र जायचा नव्हता. साखरबाईंचे गुडघे रोजच्या चालण्याने पार कामातून गेले होते. तरी त्याहून जास्त छळत होती ती खऱ्या वहीतली खोटी शून्यं.

आजचं सातवं. त्या ते लिहीत असतानाच पाण्याकडून तो चक्रवाक ओरडला. दोनदा, अगदी स्वच्छ.

पेन थांबलं. गुरुजींनी मान तिकडे वळवली. कान शाबूत होते, आणि हा आवाज ओळखायला साखरबाईंना त्यांनीच शिकवलं होतं.



"बगळा वाटतं," गुरुजी म्हणाले.

"व्हय. बगळाच."

"मग झाले सात. शेवटची तारीख टाक. सोमवारी जाऊ ऑपरेशनला."

त्यांनी तारीख टाकली. अक्षर वेडंवाकडं आलं. गुरुजी काठी टेकत उठले, फडक्यातली उरलेली अर्धी भाकरी चाचपून काढली आणि बायकोपुढे धरली.

"ही कुस्करून पाण्याच्या कडंला टाकून ये."

"कुणाला?"

"बगळ्याला. दुसरं कोण हाय तिथं?"

साखरबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि भाकरी घेऊन त्या पाण्याकडे उतरल्या.