सोनूची भाषा आणणारा प्लेअर

मी एक जुना मीडिया प्लेअर आहे. मित्रांनो, नावावर जाऊ नका. मी साबणाच्या वडीएवढाच आहे. पेनड्राइव्ह खोचायचा, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना टीव्हीला लावायच्या, की आतलं सारं पडद्यावर दिसतं. इंटरनेट मला लागत नाही.

दिग्रसच्या दुकानातून मला लालीबाईने नेलं, फुलसावंगीजवळच्या तांड्यावर. तिच्या सहा वर्षांच्या सोनूला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. एकदा पोरीच्या कानात किडा गेला. दोन दिवस ती भिंतीवर डोकं आपटत राहिली, पण काय दुखतंय ते कुणालाच कळलं नाही. तेव्हा शाळेच्या ममताबाईंनी उमरखेडला खुणांच्या भाषेचे धडे पेनड्राइव्हवर डाउनलोड करून आणले, आणि ते दाखवायला मी घरात आलो. तांड्यावर रेंज कुठली!

"आधी तुम्ही शिका," त्या लालीबाईला म्हणाल्या. "तिच्याशी बोलणारं घरात कोणी पाह्यजे."

लालीबाईला अक्षरओळख नव्हती. रिमोटच्या थांबवायच्या बटणावर तिने टिकली चिकटवली. कापूस वेचून आली की भाकरी थापता थापता ती एकेक खूण वीस-वीसदा बघे आणि पिठाच्या हातांनी करून पाही. सोनू नुसती टक लावून बसे.

"काहून वेळ घालवून राह्यली?" तिचा नवरा पूनमसिंग म्हणाला. "हातवाऱ्यानं पोरगी बोलन का?"

"तिले बोलाचं हाय. आपल्यालेच समजत नाही."

तीन महिने गेले. एका दुपारी लालीबाईने 'पाणी' अशी खूण करून पेला पुढे केला. सोनूने नकारार्थी मान हलवली. मग दोन्ही मुठी खाली-वर केल्या, धार काढल्यासारख्या.

"अवो, पाहा ना! माही पोर दूध मागून राह्यली!"

पूनमसिंग धावत आला. धारेची वेळ नव्हती, तरी तो चरवी घेऊन म्हशीखाली बसला. दुसऱ्या दिवशी तो माझ्यासमोर होता. "मले बी शिकव," तो बायकोला म्हणाला. "'बाप' कसं म्हनते?" मित्रांनो, अशा माणसांच्या घरी राबायला मिळणं हे माझं भाग्य.

पुढे टॉवर आला. धडे फोनवर दिसू लागले आणि मी फळीवर धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू?

मग रानातल्या एका पोडावरून, म्हणजे आदिवासी वस्तीवरून, डोमाजी आला. त्याची नात राखी, तिलाही ऐकू येत नाही, आणि तिथे अजून रेंज नाही. चौथीतल्या सोनूने मला खाली काढलं, पुसलं, पिना लावून दाखवल्या आणि त्याच्या पिशवीत ठेवलं.

आता मी डोमाजीकडे आहे. मित्रांनो, वस्तू जुनी झाली म्हणून तिला निकामी ठरवू नका. एखाद्या घराला अजून तिचीच गरज असते. आणि माझा पेनड्राइव्ह हिसकून काढू नका. सकाळपासून डोमाजी आपल्या वाकड्या बोटांनी 'आजा' म्हणायला शिकतोय. त्याला ती खूण अजून एकदा बघायची आहे.