घुमारा

तिने रिव्हर्बचा, म्हणजे घुमाऱ्याचा, नॉब आणखी थोडा फिरवला. अण्णांचा आवाज गाण्यात मागे सरकला, भिंतीपलीकडून आल्यासारखा.

"अजून," शेजारी बसलेले अण्णा म्हणाले.

"अण्णा, आता वाढवला तर गाणारा विहिरीत पडलाय असं वाटेल."

"पडू दे की. पोहता येतं मला."

खोलीला खिडकी नव्हती. होती ती अण्णांनीच कधीकाळी बुजवून वर फोमच्या गाद्या ठोकल्या होत्या. बापाच्या या स्टुडिओत तिचं बालपण गेलं, आणि आता तारुण्यही चाललं होतं. दुसऱ्या शहरातल्या स्टुडिओने तिला कामावर बोलावलं होतं. सोमवारी हजर झाली नाही तर जागा दुसऱ्याला जाणार होती. माझं एवढं गाणं हातावेगळं कर आणि खुशाल जा, असं अण्णाच म्हणाले होते. पण गाणं काही संपेना. रोज सकाळी त्यांना कालचा घुमारा कमी वाटायचा, आवाज कोरडा लागतो म्हणायचे. म्हाताऱ्याने आपल्याला खुंटीला बांधून ठेवलंय, याबद्दल तिला शंका उरली नव्हती.

गिऱ्हाईक हटून बसलं की काहीच न जोडलेला नॉब फिरवायचा आणि 'आता बघा' म्हणायचं, ही या धंद्यातली जुनी लबाडी. आज रागाच्या भरात ती त्याच्याही पुढे गेली. तिने घुमारा मुळासकट बंद केला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. आवाज उघडा पडला. वरच्या सुरातला कंप, दोन ओळींमधली धाप, सगळंच. आता अण्णा भडकतील, मग होऊन जाऊ दे काय ते, म्हणून ती वाट बघत बसली.

अण्णांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

"हां. आता कसं भरल्यासारखं वाटतं. मोठ्या दालनात गातोय जसा."

तिचा हात नॉबवरच राहिला. वादकाची तार केसभर उतरली तरी गाणं थांबवणारा हा माणूस, आणि घुमारा बंद आहे हे त्याला कळलंच नव्हतं.

"झालं बघ," तिच्या पाठीवर थाप मारून ते उठले. "बॅग भर आता. सोमवार चुकवू नकोस."

ते दाराशी पोचले.

"अण्णा, गाण्यातली एक जागा राहिलीय अजून."

ते पाठमोरे कडी काढत राहिले, ऐकूच न आल्यासारखे. तिने तेच पुन्हा, मोठ्याने सांगितलं.